शेवटच्या गाडीची काठी

हा रस्ता कुणाचा, यावर दोन कचेऱ्या इतकी वर्षं भांडत होत्या की मधल्या काळात तो कुणाचाच राहिला नव्हता. शहराची कचेरी म्हणायची राज्याचा, राज्याची कचेरी म्हणायची शहराचा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी त्या रस्त्याची गत. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या सूतगिरणीची लांबच लांब भिंत, आणि या दोघांच्या मधून इस्पितळापासून धान्यबाजारापर्यंत तो कसाबसा जाई. भिंत जिथे वळते तिथे रस्ताही वळे. त्या वळणावर जो खड्डा होता त्याला लोक ‘विहीर’ म्हणत. मंत्र्याची गाडी असो की मढ्याची, विहिरीपाशी प्रत्येकीला थांबावं लागे, आणि मग मुंगीच्या पावलाने कडेकडेने जावं लागे. तेवढ्या वेळात आतल्या माणसाशी बाहेरचा माणूस सुखदुःखाच्या चार गोष्टी सहज बोलून घेई.

मग राज्याकडून निधी आला. दोन्ही टोकांना निळ्या पाट्या लागल्या. निधीला एक अट होती: वर्षअखेरीआधी रस्ता पुरा झाला नाही तर पैसे आल्या पावली परत जातील, रुसलेल्या जावयासारखे. इतकी वर्षं घोंगडं भिजत ठेवणारे सगळे एकदम धावू लागले. इस्पितळाला दुसरी वाट नव्हती, म्हणून रस्ता पुरता बंद करता येईना. अर्धा उकरायचा, अर्ध्यावरून गाड्या सोडायच्या, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन टोकांना दोन माणसं, हातात गोल पाटी, एका अंगाला ‘थांबा’, दुसऱ्या अंगाला ‘जा’.

ठेकेदाराने दोघांना दोन वॉकीटॉकी दिले होते. पण मध्ये गिरणीची भिंत होती आणि वळण होतं. यंत्रातून नुसती खरखर यायची, जणू कुणीतरी झोपेत कूस बदलतंय. शेवटी जुन्या वळणाच्या मुकादमाने आपला जुनाच उपाय काढला. लाल रंगाची हातभर काठी. इकडून गाड्या सोडल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ती द्यायची. त्याने पलीकडे नेऊन द्यायची. ती पोचली की तिकडच्याने समजायचं, आता मध्ये कुणी नाही, रस्ता मोकळा. मग त्याने आपल्या गाड्या सोडायच्या आणि काठी परत धाडायची.

“काठी ज्याच्या हातात, रस्ता त्याचा,” मुकादम म्हणाला. “हातात नसेल तर देव आला तरी सोडायचं नाही. कळलं का बाई?”

“देव आला तर त्याच्याच हाती काठी देईन,” पाटी धरायला आलेली बाई म्हणाली.

मुकादमाला हसावं की रागवावं ते कळलं नाही. त्याने तिला इस्पितळाच्या टोकाला उभं केलं.

शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘थांबाबाई’ ठेवलं, आणि मग तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिला ते नाव आवडलं. बऱ्याच वर्षांत कुणी तिला नाव ठेवलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही.

त्याआधी ती याच भिंतीच्या आत कामाला होती. तरुणपणी सुताच्या कांड्या भरल्या, गिरणी बंद पडल्यावर इस्पितळात चादरी धुतल्या. नवरा त्याच इस्पितळात, तिनेच धुतलेल्या चादरीवर गेला. मूलबाळ नव्हतं. बहीण होती, पण बहिणीच्या घरी जायचं तर आधी विचारावं लागे, आणि विचारलं की बहीण म्हणे, “अगं, ये ना, कधीही ये,” म्हणजे कधी ते सांगत नसे. थांबाबाईची खोली एका बंद छापखान्याच्या वर होती. खिडकी जिन्यात उघडायची. दोन खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर ती बसे आणि दुसरीवर धुतलेले कपडे बसत. नळाला पाणी आलं की तो आधी खोकायचा, आणि ती न चुकता म्हणायची, “आलास?” दिवसभरात कधीकधी तेवढंच बोलणं होई. संध्याकाळी दुकानदाराला काही मागायला तोंड उघडलं की आवाज आधी फुटायचाच नाही, घशात गंज चढल्यासारखा.

सुरुवातीलाच एकदा फजिती झाली. शेवटची गाडी म्हणून तिने काठी एका स्कूटरवाल्याला दिली, आणि तो मध्येच भिंतीतल्या दारातून गोदामाकडे वळला, काठीसकट. गोदामात गेला, कामाला लागला, विसरला. पलीकडे काठी पोचेना, अलीकडे येईना. दोन्ही टोकांना गाड्यांच्या रांगा लागल्या, भोंगे, शिव्या, एक लग्नाची गाडी, तिच्यातली नवरी घामाने भिजलेली. खूप वेळाने तो स्कूटरवाला हातात काठी धरून, मान खाली घालून, पलीकडच्या टोकाला पोचला.

त्यानंतर काठी परत आली ती एका टेम्पोतून, आणि काठीबरोबर पहिला निरोप आला.

“ओ मावशी,” टेम्पोवाला म्हणाला, “पलीकडच्या काकांनी सांगितलंय, बाईंना म्हणावं, काठी माणूस बघून देत जा.”

थांबाबाईच्या नाकाला मिरची झोंबली. पुढच्या खेपेच्या शेवटच्या गाडीवाल्याला तिने काठी दिली आणि म्हणाली, “त्यांना सांगा, माणूस बघूनच दिली होती. कुणाच्या कपाळावर ‘विसराळू’ असं लिहिलेलं नसतं.”

काठी परत आली. दूधवाल्याने आणली. “काका म्हणतात, लिहिलेलं असतं. वाचता यायला पाहिजे.”

“म्हणावं, मला पाटीची दोनच अक्षरं वाचता येतात, थांबा आणि जा. त्यांना जास्त येत असतील तर त्यांनीच शाळा काढावी.”

दूधवाला हसत हसत निघून गेला, पण रिकाम्या किटल्या घेऊन परत तिकडेच जाताना त्याने निरोप पोचवला असावा, कारण पुढच्या काठीबरोबर फक्त एवढंच आलं: “काका खूप हसले.”

त्या दिवशी खोलीवर गेल्यावर नळ खोकला तर ती म्हणाली, “आलास? ऐक, काय झालं आज.”

असं सुरू झालं. काठी दिवसभर जायची यायची, आणि तिच्यासोबत अनोळखी तोंडांतून बोलणं जायचं यायचं. पलीकडे ऊन आधी येतं, अलीकडे उशिरा. पलीकडे कुत्रीला पिल्लं झाली. अलीकडे डांबराच्या वासाने डोकं उठलं. “काका म्हणाले, तोंडाला ओला रुमाल बांधा.” “मावशी म्हणाल्या, खोकला कमी झाला का?” “त्यांना कसं कळलं मी खोकतो?” “शेवटचा जो जो येतो तो तुमची नक्कल करून दाखवतो म्हणे.” निरोप नेणाऱ्यांनाही त्यात गंमत वाटू लागली. रांगेत मुद्दाम मागे राहून शेवटची गाडी व्हायला बघणारे काही जण निघाले. एका व्हॅनवाल्याने तर तिला विचारलं, “मावशी, लग्नाला बोलवणार ना?” तिने ‘जा’ची पाटी उलटी करून त्याच्या टपावर हाणली. तो पलीकडे जाऊन काय सांगून आला कोण जाणे, कारण नंतर कळलं की पलीकडच्या काकांच्या मनात तिचं चित्र एका धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या बाईचं होतं. ती तर एवढीशी होती. हेल्मेट घातलं की हेल्मेटच दिसायचं.

काठीचं लाकूड चरचरीत होतं, कुसळं टोचायची. एका दुपारी तिने जुन्या चादरीची पट्टी फाडून मुठीच्या जागी गुंडाळली आणि गाठ मारली. काठी पलीकडून परत आली तेव्हा गाठ बदललेली होती, सुबक, सुटणार नाही अशी. गाठीवरून ती दिवसभर अंगठा फिरवत राहिली. माणूस कधी पाहिला नव्हता, पण माणसाने मारलेली गाठ हातात होती.

खरं तर या कामात माणसाकडे बघायचंच नसतं. शेवटची गाडी आली की नजर काठीवर. काठी लाल, पट्टी पांढरी, आहे ना? आली. आणणारा कोण, म्हातारा की तरुण, याला वेळ नसतो. मागे भोंगे वाजत असतात. तिलाही ती सवय लागली होती. संध्याकाळी आठवू गेलं तर दिवसभरातला एक चेहरा आठवत नसे, फक्त काठी धरलेले हात आठवत.

मग एकदा पोस्टातल्या गाडीवाल्याने विचारलं, “काका विचारत होते, घरी कोण कोण असतं तुमच्या?”

प्रश्न साधा होता. रस्त्यावरच्या कुणीही कुणालाही विचारावा असा. पण गाडीवाला खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता, मागचा ट्रकवाला कान देऊन ऐकत होता, आणि तिला एकदम उघड्यावर उभं असल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, “सांगा, भरलं घर आहे. मुलगे, सुना, नातवंडं. पाय ठेवायला जागा नाही.”

दोन खुर्च्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, एक कपड्यांची.

उत्तर आलं: “काका म्हणतात, छान. त्यांच्याकडेही सून आहे. डबा तीच करते. हाताला चव आहे.”

तिला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यानंतर बोलण्यात भरल्या घराची वर्दळ सुरू झाली. तिचा धाकटा नातू पडला, त्यांच्या सुनेने पडदे धुतले. तिच्या थोरल्या सुनेचा स्वभाव तिखट निघाला. खोलीवर बसून ती दुसऱ्या दिवशीसाठी माणसं तयार करायची, त्यांना आजारपणं द्यायची, रुसवे द्यायची. पण जितकं घर भरत गेलं तितकी खोली मोठी होत गेली. एके संध्याकाळी तिने दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, आणि खुर्ची रिकामी ठेवून बघितली. मग पुन्हा कपडे ठेवले.

दिवस संपत आले. डांबर तापवायची भट्टी विझायचं नाव घेईना, रोलर वळणापर्यंत आला, विहीर बुजली. मुकादम हातात घड्याळ असल्यासारखा ओरडत फिरे. “आटपा रे! नाहीतर पैसा गेला आणि आपण बसलो टाळ्या वाजवत.” थांबाबाईला पहिल्यांदाच वाटलं की हा पैसा जाईल तर बरं. अर्धा रस्ता असाच राहील. अर्धा रस्ता म्हणजे काठी.

पण असं व्हायचं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. रस्ता उघडला की शेवटची गाडी अशी काही उरत नाही. गाड्या नुसत्या जातात. मग त्या माणसाने मनात काय ठेवायचं? एक भरलं घर, जे कुठेच नाही. खोटं घर त्याच्याजवळ राहील आणि खरी बाई कुणाजवळच नाही. आपण एकट्या आहोत एवढं त्याला सांगायचं तिने ठरवलं. बाकी काही मागायचं नव्हतं. पण हे दूधवाल्याच्या तोंडून धाडण्यासारखं नव्हतं, पोस्टवाल्याच्या तर नव्हतंच. शेवटच्या दिवशी काठी आपल्या हातात उरली, तर आपणच शेवटची गाडी व्हायचं.

नशीब एवढं की उरली. शेवटच्या दिवशी तिच्या टोकाला फीत बांधली, कापली, फोटो निघाले. साहेबांनी निधी आणल्याबद्दल एकमेकांचे आभार मानले. मुकादमाने तिचं हेल्मेट आणि नारिंगी जाकीट काढून घेतलं, पाटी काखेत मारली.

“काठी?”

“राहू दे तुला,” तो म्हणाला. “चूल पेटव.”

“पलीकडचे कुठल्या कामावर जाणार आता?”

“ठेकेदाराचं दुसऱ्या शहरात काम लागलंय. तिकडे जातील. ट्रक तिकडूनच सामान भरून निघेल थोड्या वेळात. तुला काय करायचंय?”

ती निघाली. इतके महिने तिने ज्या रस्त्यावर माणसं सोडली त्या रस्त्यावर ती स्वतः कधी गेली नव्हती. डांबर काळंभोर, अजून कोमट. चपलेखाली रस्ता लागतच नव्हता इतका सपाट. बाजूने गाड्या सुसाट जात होत्या, कुणी तिला ओळखलं नाही. जाकीट नसलेली थांबाबाई म्हणजे नुसती कडेने चालणारी कुणी बाई. भिंतीवरच्या बंद खिडक्यांतली एक तिच्या खात्याची होती, कुठली ते आठवेना. वळणाशी, जिथे विहीर होती तिथे, ती उगाच थांबली. सवय. मग हसून पुढे गेली.

पलीकडच्या टोकाला ट्रक उभा होता. माणसं रस्ता अडवायचे अडसर त्यात चढवत होती. कडेला एका फळीच्या बैठकीवर एक माणूस चपलेचा पट्टा आवळत होता. किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तो खोकला, आणि तिला खूण पटली.

ती पुढे झाली. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिने काठी पुढे केली.

त्याने वर पाहिलंच नाही. काठीकडे पाहिलं. हात आपोआप पुढे आला, अंगठा गाठीवरून फिरला.

“आली का,” तो म्हणाला. “अहो, पण रस्ता तर उघडला ना?”

“शेवटची आहे,” ती म्हणाली. गंजलेला, बारीक आवाज. धिप्पाड बाईचा नव्हे.

“चालत आलात ताई? आणि परत तिकडेच जाणार?”

तिने मान हलवली.

“मग एक काम करा. ही तिकडच्या बाईंनाच परत द्या. पट्टी त्यांची आहे. सांगा, हाताला कुसळ टोचलं नाही.” तो थांबला. ट्रकवरून कुणीतरी हाक मारली, “काका, चढा आता, काय सासरी जायला रडताय का?” त्याने हाताने ‘आलो’ केलं, आणि काठीकडेच बघत, आवाज उतरवून म्हणाला, “एक सांगतो, पण ते त्यांना सांगू नका. माझ्याकडे सून-बीन कुणी नाही. डबा खानावळीचा. पहिल्यांदा बोलून गेलो. त्या भरल्या घरातल्या बाई. म्हटलं, हा एकटा आहे असं कळलं तर बोलायच्या बंद होतील. मग मागे घेता येईना. तुम्ही अनोळखी आहात म्हणून म्हटलं. कुणाला तरी खरं सांगितलेलं बरं.”

थांबाबाईच्या तोंडात तिचं स्वतःचं वाक्य तयार होतं. कितीतरी संध्याकाळी घोटून घोटून तयार केलेलं. पण आता ते बाहेर काढायचं म्हणजे त्याने झाकून ठेवायला दिलेलं त्याच्याच समोर उघडं करायचं, ट्रकवरची माणसं बघत असताना. आणि तो तर तिच्याकडे बघतही नव्हता.

“सांगते,” ती म्हणाली. “म्हणजे, नाही सांगत.”

“बरं,” तो म्हणाला, आणि काठी तिच्या हातात दिली, इतके महिने जशी दिली असेल तशी, हाताकडे बघून. “जा.”

‘जा’ म्हटल्यावर ती गेली. पाय आपले चालत राहिले. दोन खोट्या घरांतून आपण दोघं एकमेकांना हाका मारत होतो, आणि दोन्ही घरांत कुणी नव्हतं. हे तिला कळलं तेव्हा ती वळणाशी पोचली होती. ती तिथेच थबकली. नाही, परत जायचं. लाज वाटली तर वाटली. फार तर तो हसेल. त्याला हसताना तिने कुठे पाहिलं होतं?

ती मागे वळली, आणि समोरून ट्रक आला.

ती नेमकी विहिरीवर उभी होती. इथे सगळेच थांबतात, तिच्या मनात आलं. इथे ट्रक मुंगीच्या पावलाने जाईल, मी कडेने चालत सांगेन, चार वाक्यांचं तर काम आहे. तिने दोन्ही हातांनी काठी डोक्यावर उंच धरली. ट्रकवाल्याला वाटलं, बाई निरोप देतेय. त्याने खुशीत भोंगा वाजवला. चाकांखाली रस्ता लोण्यासारखा होता. ट्रकचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही.

तो मागे सामानात बसला होता, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. ट्रक पुढे निघून गेल्यावर मग तो तिला दिसला. त्याने आधी काठीकडे पाहिलं, नेहमीसारखं. मग काठीवरून त्याची नजर खाली आली, हातांवर, आणि हातांवरून तिच्या तोंडावर. तो अडसर धरून उभा राहू लागला. काहीतरी ओरडला असावा, किंवा खोकला असावा. तेवढ्यात वळण संपलं आणि गिरणीची भिंत मध्ये आली.

थांबाबाई काठी वर धरून तशीच उभी राहिली. मागून आलेल्या गाड्या तिला वळसा घालून, न थांबता, जात राहिल्या.